नंदादीपातलं जवस

या, पुढं सरका. तिकडं खांबाला टेकून बसाल तर माझा आवाज पोचायचा नाही. घशात आता तो जोर राहिला नाही, आणि ही गोष्ट चारचौघांत मोठ्यानं सांगायची हिंमत मी एकदाच केली होती, ती वाया गेली. आख्यान लावायच्या आधी बुवा टाळकऱ्यांकडं एकदा वळून बघतात ना, सगळे जागेवर आहेत की नाही, तसं तुमच्याकडं बघतो आणि सुरू करतो. गोष्ट फटफटीच्या मागच्या ब्रेकची आहे. हसू नका. देवाचीही आहे, पण देव तिच्यात शेवटपर्यंत गप्प आहे. संतापलेला मी एकटा.

सुरुवात तळहात भाजला तिथून. लढाई संपून दुसरा चैत्र होता. वाशिमात रिसोडच्या रस्त्याला माझं दुकान. सायकली, कापसाच्या जिनातली इंजिनं, पाण्याचे पंप, जे येईल ते मी दुरुस्त करायचो. शेजारच्या खोलीत पटकीची सुई टोचत गावोगाव फिरणारे सरकारी डॉक्टर राहायचे. त्यांची फटफटी लढाईतून लिलावात सुटलेली, मळक्या हिरव्या रंगाची, आणि ती उभी राहायची माझ्याच टिनाखाली. त्या सकाळी डॉक्टर ती ढकलत आले. घामाघूम झाले होते. म्हणाले, इंद्रभानजी, मागचं चाक पुन्हा धरतंय. त्यांचा तो 'पुन्हा' माझ्या कानात खड्यासारखा गेला. डॉक्टर गोड माणूस, त्यांनी तो टोचायला म्हटला नव्हता, पण मी अंगणात सांडलेल्या पाण्यावरसुद्धा चिडणारा माणूस होतो तेव्हा. मी वाकलो आणि चाकाच्या मध्यावरच्या ड्रमला हात लावला. कातडी चर्र झाली. हात झटकला आणि त्याच क्षणी नाकात वास शिरला. जळक्या रबराचा नाही, लोखंडाचा नाही. आमच्या स्वयंपाकघराचा वास. कढईत फोडणीचं तेल जरा जास्त तापलं की येतो तो. मी तिथंच उकिडवा बसून राहिलो. चाकातून घरचा वास यावा याचा अर्थ लागेना, आणि अर्थ लागत नाही म्हणून आधी आला तो राग. डॉक्टरांवर, की तुम्ही पेडलवर पाय ठेवून गाडी चालवता. मग रूपल्यावर. चार महिने झाले होते त्याला दुकानातून घालवून, तरी प्रत्येक बिघडलेल्या वस्तूतून मला तोच दिसायचा.

रूपला म्हणजे शिरपूरकडच्या तांड्यावरचा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, लढाईत फौजेच्या मोटारींवर काम करून आलेला. बोलायचा कमी. पाना हातात घेतला की आधी मांडीला पुसायचा, मग नटाला लावायचा, जसं काही नटाला मळ लागेल. त्याच्याजवळ फौजेतून आणलेला वंगणाचा एक चपटा डबा होता. त्यातलं बोटाच्या टोकावर येईल एवढंच घ्यायचा. मी त्याला हसायचो, म्हणायचो रूपला, अत्तर लावून राह्यला काय रे. तो म्हणायचा, मिस्त्री, अत्तरासारखंच लावा लागते. मागचा ब्रेक आदल्या भाद्रपदात त्यानं उघडून, साफ करून बसवला होता. माझ्या समोर. मला आठवतं, त्या दिवशी संध्याकाळी देवळात कीर्तन होतं आणि माझं लक्ष सगळं तिकडं. बुवा रिसोडहून यायचे. त्यांचा आवाज असा, की पूर्वरंगात पहिला सूर लागला की माझ्या पाठीच्या कण्यातून पाणी उतरायचं. तीस वर्षं मी त्यांच्या मागं टाळ धरून उभा राहिलो. दिवसभर लोखंडाशी भांडणारे हे हात तिथं गेले की मऊ व्हायचे. खोटं नाही सांगत, आजही कुठं वीणा लागली की होतात.

डॉक्टरांना खाटेवर बसवलं, गाडी दुरुस्तीच्या लाकडी घोड्यावर चढवली. मागचं चाक हवेत. हातानं फिरवलं तर अर्धा फेरा जाऊन अडलं. पेडल दाबलं, सोडलं. पेडल टपकन वर आलं. पण ड्रमच्या बाहेर जी छोटी दांडी असते, पेडलकडून आलेली सळई जिला ओढते, ती जागची हलली नाही. ओढलेलीच राहिली. मी ती अंगठ्यानं मागं रेटली तेव्हा कुठं चाक सुटलं. म्हणजे बिघाड पेडलात नव्हता, सळईत नव्हता. आत होता. हे कळायला मला किती वेळ लागला असेल? एक बिडी विझेपर्यंतसुद्धा नाही. आणि हेच मार्गशीर्षात मी केलं नव्हतं. हे मनात आलं तसा मी पाना फेकला. भिंतीवर आदळून तो डॉक्टरांच्या पायाशी पडला. ते दचकून उठले, बरं, मी चहा घेऊन येतो, असं काहीसं पुटपुटत गेले. बरं झालं गेले. मला एकट्याला त्या चाकाशी बोलायचं होतं.

मार्गशीर्षात काय झालं ते सांगतो. रिठदच्या अलीकडच्या उतारावर डॉक्टरांचं मागचं चाक आवळलं. गाडी आडवी, डॉक्टर गोट्यांत. खांद्याचं हाड मोडलं. तीन आठवडे टोचणी बंद. दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून ते माझ्या दुकानी आले आणि एवढंच विचारलं, ब्रेक कोणी बसवला होता. बुवा त्या वेळी माझ्या बाकावर चहा घेत होते. देवळातली चार माणसं होती. मला त्यांच्यासमोर उत्तर द्यायचं होतं. मी रूपल्याकडं बोट केलं. तो घोड्याजवळ उभा होता, हातात फडकं. मी विचारलंसुद्धा नाही, मी सांगितलंच, की यानं कोरडा बसवला असेल, वंगणाची कंजुषी करतो हा, बोटाच्या टोकावर घेतो. त्यानं माझ्याकडं बघितलं. काही तरी ओठांपर्यंत आलं. मग त्याची नजर बुवांकडं गेली, परत माझ्याकडं आली, आणि ओठांवर आलेलं ते त्यानं गिळलं. म्हणाला, "मिस्त्री, उघडून पाहा. मंग मारा."

मी उघडलं नाही. मी मारलं. उजव्या हाताची, पूर्ण. आणि वर बोललो की तांड्यावरचा हात, त्याच्याकडून दुसरं काय व्हायचं. हे वाक्य मी इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतोय. चापटीपेक्षा ते मोठं होतं. सरकारच्या दप्तरात त्यांच्या जातीला गुन्हेगार लिहून ठेवलेलं तेव्हा, आणि मी तेच बुवांसमोर त्याच्या तोंडावर वाचून दाखवलं. रूपल्यानं फडक्याची घडी घातली. घडी घातली हो, चार पदरी, आणि घोड्यावर ठेवली. आपला चपटा डबा घेतला. गेला. मग मी ब्रेकचं काय केलं, तर पेडलकडं एक जाड स्प्रिंग अडकवली आणि सळईचा नट चार आटे ढिला केला. चाक फिरायला लागलं. झालं म्हणालो. त्या संध्याकाळी कीर्तनात बुवांनी निष्काळजी सेवकाचा दृष्टान्त दिला. नाव घेतलं नाही, पण सगळे माझ्याकडं बघून माना हलवत होते, आणि मी, मी टाळ दुपटीनं वाजवला. दुसऱ्या दिवसापासून वाशिमात रूपल्याला कोणी कामाला उभं केलं नाही. मला ते कानावर यायचं. मी म्हणायचो, भोगतो आपल्या कर्माचं.

आता आस काढला, साखळी सोडली, चाक उतरवलं. ड्रममधून ब्रेकची थाळी ओढून काढली. आतलं काम सोपं असतं, तुम्हालाही कळेल. दोन अर्धचंद्र लायनर समोरासमोर, त्यांच्यामध्ये कॅम, म्हणजे एक चपटा लोखंडी तुकडा. पाय दाबला की दांडी फिरते, दांडीबरोबर कॅम फिरतो, लायनर फाकून ड्रमला घासतात. पाय उचलला की दोन स्प्रिंगा त्यांना परत मिटवतात. फक्त कॅमचा दांडा आपल्या भोकात मोकळा फिरला पाहिजे. तो फिरत नव्हता. स्प्रिंगा काढल्या तरी फिरेना. लाकडी हातोडीनं ठोकला, ठोकला, एकेक सूत बाहेर आला, आणि आला तेव्हा त्याच्या अंगावर तपकिरी, पिवळसर, काचेसारखा थर. रूपल्याचं फौजी वंगण हिरवट काळं असायचं. हे ते नव्हतं. मला वाटलं गंज. रॉकेलात टाकलं. अर्धा तास. रॉकेल तसंच स्वच्छ. गंज सुटला असता, वंगण विरघळलं असतं. हे निगरगट्टासारखं बसून होतं, आणि मी त्याच्याकडं बघत होतो, आणि तोपर्यंत मला कळलेलं होतं. कळलेलं होतं पण मी ते वर येऊ देत नव्हतो. दांडा घेऊन मी मागच्या दारानं घरात गेलो, चुलीपुढं तुळसाबाई बसली होती, माझी बायको. तिच्यापुढं धरला. हे काय आहे म्हणालो, आणि असं म्हणालो जसं काही तिनंच केलंय. तिनं नखानं खरवडलं, नाकाशी नेलं.

"जवस व्हय," ती म्हणाली. "तेलाच्या बरणीच्या तोंडाले असंच बसते. राखेच्या खाराच्या पान्यात उकडल्याबिगर निंघत नाही."

बस. एवढं बोलून ती भाकरीकडं वळली. लहानपणापासून बरण्या घासणारीला जे एका नखात कळलं, ते मला माहीत नव्हतं असं समजू नका. माझा बाप बंड्या, म्हणजे बैलगाड्या, करायचा. आखाला तो एरंडीचं तेल द्यायचा, ते ओलं राहतं. जूवर आणि धुऱ्यांवर मात्र जवसाचं फिरवायचा, कारण जवस वाळतं आणि कातडीसारखं बसतं, ऊन-पाणी आत जात नाही. दहा वर्षांचा असताना मी त्या बोळ्यानं धुरे पुसलेत. मला माहीत होतं. आणि तरी दसऱ्याला, दुकानातल्या हत्यारांची पूजा झाल्यावर, मी देवळातून वाटीभर तेल आणलं, मारुतीच्या नंदादीपातलं. लढाईपासून तिळाचं मिळेना, पुजारी दिव्यात जवसाचं घालायचा. ते मी प्रत्येक यंत्राच्या सांध्यात थेंब थेंब सोडलं. डॉक्टरांची फटफटी तिथंच उभी, तिच्या ब्रेकच्या दांडीला तेलासाठी बारीक भोक, त्यातही सोडलं. माणूस सुई घेऊन जीव वाचवत फिरतो, त्याच्या गाडीवर देवाची नजर राहावी. आणि त्यानंतर दर शनिवारी. डॉक्टरांना पत्ता नाही. डोळे मिटायचे, नाव घ्यायचं, थेंब सोडायचा. ते मला तेल वाटलंच नाही कधी. ते तीर्थ होतं. तीर्थ वाळतं काय? ड्रमच्या उष्णतेनं ते शिजलं, रूपल्याचं वंगण त्यानं खाल्लं, आणि लाखेनं पत्राचं तोंड बंद करावं तसा दांडा बंद केला.

रूपल्यानं बघितलं होतं. एकदा, दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी, मी वाटी घेऊन वाकलो तेव्हा मागून म्हणाला होता, मिस्त्री, देवाचं तेल देवालेच राहू द्या. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. हा कोण मला सांगणारा, याला काय कळतं भक्ती. म्हणजे मार्गशीर्षात त्याला ठाऊक होतं. ओठांपर्यंत आलेलं ते हेच होतं. बुवा बसले होते, देवळातली माणसं होती, आणि त्यांच्यासमोर इंद्रभान मिस्त्रीच्या भक्तीनं डॉक्टरांचं हाड मोडलं हे तो बोलला नाही. गिळलं त्यानं. मग मला त्याचा असा राग आला, की काय सांगू. काहून नाही बोललास तू? कोणी सांगितलं होतं तुला माझी अब्रू राखायला? दोन शब्द बोलला असतास तर मी खोटा ठरलो असतो, निदान कधी तरी ठरलो असतो. आता मी चार महिने खरा होऊन बसलोय. चुलीवर खाराचं पाणी रटरटत होतं, त्यात तो दांडा, आणि मी त्या भांड्यावर वाकून दात खात होतो. तुळसाबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि सरपण मागं ओढलं.

थर सुटला. घासकागदानं दांडा आरशासारखा केला, भोक फडक्यानं पुसलं, बोटाच्या टोकावर येईल एवढंच वंगण. लायनरवर तेलाचं बोट लागू नये म्हणून हात दोनदा धुतले. पाना आधी मांडीला पुसला. ते लक्षात आलं तेव्हा हात थांबले थोडे. जाड स्प्रिंग काढून फेकली, जुनीच लावली, नट परत आवळला. पेडल दाबलं, सोडलं, दांडी आपली आपण परत आली, चाक फिरत राहिलं, थांबेचना. एवढं चांगलं काम मी वर्षात केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना शिरपूरच्या बाजूला टोचणीला जायचं होतं. मी म्हटलं, मला मागं घ्या, ब्रेक बघतो. प्रत्येक उतारावर ब्रेक लागत होता आणि सुटत होता, लागत होता आणि सुटत होता. तांड्यावर डॉक्टरांच्या पेटीभोवती बाया-माणसं जमली तेव्हा मी रूपल्याचं घर विचारलं. दारात त्याची बायको सुंदरबाई जात्याचा खुंटा ठोकत होती. मी नाव सांगितलं. तिनं ठोकणं थांबवलं नाही. रूपला माघातच गेला म्हणाली, बालाघाटकडं, खाणीवर. वाशिमात कोणी काम देईना, मंग कायले राहावं. पत्ता नव्हता. मुकादमाचं नावही तिला धड सांगता येईना. मी तिथंच उभ्यानं सगळं सांगितलं, जवस, नंदादीप, दांडा. मला वाटलं ती शिव्या देईल. द्याव्यात असं फार वाटत होतं. खुंटा घट्ट बसल्यावर ती उठली.

"ठाव हाय," म्हणाली. "त्यानं सांगतलं होतं. मी म्हनलं, मंग बोलला काहून नाही. तं म्हने, मिस्त्री तेल सोडते तवा त्याचे डोये मिटले रायते. तसा मानूस म्या देवळात बी नाही पायला."

परत येताना डॉक्टर काही तरी बोलत होते, ब्रेकची तारीफ करत होते. मला वारा तेवढा ऐकू येत होता.

हनुमानजयंतीचा सप्ताह चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. मंडप भरलेला, वर दहीहंडी बांधलेली, बुवा रंगात आलेले, आणि मी त्यांच्या मागं माझ्या जागेवर, गळ्यात टाळ. बंडीच्या खिशात जुन्या थराचा तपकिरी पापुद्रा, कागदात बांधलेला. पूर्वरंग संपला. बुवांना बुक्का लावतात, हार घालतात तो मधला वेळ आला. मी पुढं झालो. बुवांना नमस्कार केला आणि लोकांकडं तोंड केलं. कागद उघडून धरला.

"रूपल्याचा ब्रेक बरोबर होता," मी म्हणालो. "तेल म्या सोडलं होतं. ह्या देवळातलं. मारलं त्याले, अन् चूक माही होती."

वरच्या हंडीतून ताकाचा थेंब पडला. मी बुवांकडं बघितलं. ते हुशार माणूस, त्यांना मार्गशीर्षातला तो दृष्टान्त आठवला असणार. त्यांनी नजर वीणेकडं नेली. मग सप्ताहाचे पुढारी दौलतसिंग, मला ते भाऊच मानायचे, पहिल्या रांगेतून हसत म्हणाले, "मिस्त्री, बसा खाली. काल्यात फटफटी कायले आनता बाप्पा." मंडप हसला. वाईट नाही हसला, मायेनं हसला, आपल्या येड्या टाळकऱ्याला हसावं तसा. आणि बुवांनी हात वर करून नामाचा गजर लावला. मृदंग उठला, पाचशे तोंडं उठली. मी ओरडत होतो, त्याचं नाव घ्या, एकदा त्याचं नाव घ्या इथं, जिथं त्याला वाईट म्हटलं तिथंच. माझं मलाच ऐकू येईना. आणि मग बघितलं तर माझे हात टाळ वाजवत होते. ठेक्यात. तीस वर्षांची सवय. तोंड ओरडतंय आणि हात गजर करतायत. पापुद्रा केव्हाच पायाखाली चुरडला होता.

देवावर माझा राग नाही. तेल जवसाचं होतं, त्यानं जवसाचं काम केलं. कीर्तनाला मी अजून जातो, रडतोही, पण टाळ त्या दिवशी उतरवला तो उतरवला. खाणीवरून आलेल्या प्रत्येक माणसाला विचारलं. रूपला आला नाही, सुंदरबाईही पुढं तांड्याबरोबर उठून गेली. मंडपातली माणसं एकेक करून गेली, तसं त्याला ओळखणारंही कोणी उरलं नाही. म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. माझं नाव विसरलात तरी चालेल. पण कधी कोणावर हात उचलाल, आणि उचलालच, तेव्हा शिरपूरकडच्या तांड्यावरच्या रूपल्याची आठवण ठेवा. फडक्याची घडी घालून ठेवली होती त्यानं. उघडून पाहा म्हणाला होता.